पडतंय ते पडू द्या

पहिल्याच भेटीत ढमाले मास्तरांनी माझ्यापुढे चहाचा कप धरला, मी हात पुढे केला, आणि माझी बोटं कपाला लागायच्या आत त्यांनी तो सोडून दिला.

चुकून नाही हं. चांगलं माझ्या डोळ्यांत बघत सोडला. मी झडप घातली, कप हवेतच पकडला, आणि वाफाळता चहा मनगटावरून थेट माझ्या नव्याकोऱ्या कुर्त्यावर. मी किंचाळले. मास्तर मात्र अगदी शांतपणे म्हणाले, "नापास." मग दाराकडे वळून हाक मारली, "आरं, म्याडमला थंड पानी आना कुनीतरी."

मी त्याच दिवशी राजीनामा देणार होते. आमच्या अमरावतीकडे नव्या माणसाला चहा पाजतात, चहानं आंघोळ घालत नाहीत. पुण्याला सूसच्या फ्लॅटवर येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं, तर तो हिंजवडीत दिवसभर मीटिंगा करून आलेला, हसतच सुटला. मग मला त्याचाच इतका राग आला की राजीनामा राहून गेला.

मी काम करते ते प्रशिक्षण केंद्र पिरंगुटच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी आहे. आसपासच्या केबल कंपन्यांना मशीन चालवणारी माणसं लागतात, ती आम्ही तयार करतो. मी व्यक्तिमत्त्व विकास शिकवते. म्हणजे ताठ उभं राहा, समोरच्याकडे बघून बोला, आत्मविश्वासानं हात पुढे करा. मास्तर मशीन शिकवतात, आणि त्यांचा पहिला, मधला आणि शेवटचा धडा एकच: हात मागं! मी ज्यांना सकाळी हात पुढे करायला शिकवायची, त्यांना हे दुपारी हात मागे घ्यायला लावायचे. आमचं जमणार कुठून?

यामागे काहीतरी अर्थ आहे हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. केबलच्या पोटात तांब्याची तार असते. मुळात ती करंगळीएवढी जाड असते. मशीन तिला बारीक बारीक होत जाणाऱ्या भोकांतून ओढत नेतं आणि सुतासारखी करून टाकतं. हे ओढणं इतक्या जोरात चालतं की तार धावताना दिसतच नाही, नुसती जागच्या जागी चमकत असते. आणि मधेच ती तुटते. तुटली की नवीन माणूस काय करतो? पकडायला जातो.

"मानूस जात लई भली वो म्याडम," मास्तर मला म्हणाले. "पडनारं दिसलं की धरायला धावती. मशीनला त्ये कळत न्हाई. त्ये धरनाऱ्यालाच आत वडतं."

म्हणून तार तुटली की आधी हात मागे, पाठीवर एकमेकांत अडकवून. मग पायानं खालची पट्टी दाबायची, मशीन थांबतं. "तार कंपनीची, बोटं आपली," हे त्यांचं ब्रीदवाक्य. नमस्कारसुद्धा ते करत नाहीत. दोन्ही पंजे उघडून सगळी बोटं दाखवतात, आणि समोरच्यानंही दाखवावीत अशी अपेक्षा धरतात. आयुष्यभर तारेच्या मशीनवर काढून निवृत्त झालेला हा माणूस सगळी बोटं शाबूत घेऊन बाहेर आला, याचा त्यांना एखाद्या पदवीसारखा अभिमान.

इथपर्यंत ठीक. पण आपली सवय मशीनपाशी ठेवून घरी जातील तर ते ढमाले मास्तर कसले? हा माणूस दिसेल त्याच्यासमोर दिसेल ते सोडून द्यायचा. पेन, किल्ल्या, स्टीलचे पेले, जेवणाचा डबा. एकदा "जरा टाइम बगू" म्हणून माझा मोबाइल मागून घेतला, आणि बघितला टाइम! मी तो जमिनीपासून वीतभर वर पकडला. "नापास," मास्तर म्हणाले. मी त्यांच्याशी आठवडाभर बोलले नाही. गावातला किराणावाला त्यांना अंडी हातात द्यायचा नाही, काउंटरवर ठेवून दोन पावलं मागे सरायचा.

केंद्राच्या वार्षिक समारंभाला मोठे पाहुणे आले होते. शाल, श्रीफळ देऊन सत्कार करायचा मान मास्तरांचा. मी व्यासपीठावर सूत्रसंचालन करत होते आणि मनातल्या मनात देवाचा धावा करत होते. शाल व्यवस्थित पांघरली गेली. मग मास्तरांनी नारळ पुढे केला, पाहुण्यांनी हसत हात पुढे केले, आणि नारळ खाली. पाहुणे त्याच्यामागे वाकले, शाल पायात आली, आणि एवढे मोठे साहेब गुडघ्यांवर बसले. आणि माइकमधून मास्तरांचा आवाज आला, "सायेब, वाईट वाटून घिऊ नका, पन नापास."

माझ्या हातातला कागद गळून पडला. तो मात्र मी पकडला नाही, तर खाली उतरल्यावर मास्तर म्हणाले, "म्याडम सुदारत्यात."

सगळ्यात मोठा धक्का कंपन्यांच्या क्रिकेट सामन्यात बसला. आमचा संघ म्हणजे मास्तरांच्या हाताखालून गेलेली मुलं. समोरच्यानं पहिलाच चेंडू उंच मारला. चेंडू वर गेला, खाली आला, आणि त्याच्याखाली उभ्या असलेल्या आमच्या खेळाडूनं दोन्ही हात झटकन पाठीमागे नेले. चेंडू त्याच्या पायाशी पडला. मला वाटलं, ऊन डोळ्यांवर आलं असेल. पण दुसऱ्यानं तेच केलं. तिसऱ्यानंही. आमचे अकरा जण मैदानभर हात मागे बांधून, शाळेच्या प्रार्थनेला उभे असल्यासारखे, पडणारे झेल बघत होते. प्रेक्षक आधी ओरडले, मग हसले, मग त्यांनाही काही सुचेना. आम्ही इतके वाईट हरलो की समोरच्या संघानंच आमची समजूत काढली. मास्तर मात्र मांडवात उभं राहून टाळ्या वाजवत होते. "एक बी हात फुडं न्हाई आला, बगितलं?" त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

अशा माणसाच्या तावडीत अश्विनी सापडली.

अश्विनी मुठ्याची. मुठा म्हणजे घाट उतरून पलीकडच्या खोऱ्यातलं गाव. तिच्या सासरची जमीन कधीच विकली गेली, तिथे आता पुण्याच्या लोकांचे शनिवार-रविवारचे बंगले झाले. सासूनं त्याच बंगल्यांमध्ये वर्षानुवर्षं धुणीभांडी केली. आता सुनेनं तीच कामं धरावीत अशी घरातली समजूत. पण अश्विनी बारावी झालेली. ती मला पहिल्याच दिवशी म्हणाली, "म्याडम, आमच्याच रानात मला दुसऱ्याची भांडी न्हाई घासायची. मला मशीनवर जायाचंय."

मशीन तिला पटकन आलं. तार ओवायची कशी, ताण किती ठेवायचा, सगळं. पण हात! मास्तरांनी पेला सोडला की अश्विनीचा हात पुढे गेलाच. तिच्या घरी दीड वर्षांची मुलगी, शिवन्या. जिच्या घरी असं रांगतं-पळतं लेकरू असतं, तिचा हात चोवीस तास झेलायच्या तयारीतच असतो. मास्तर तिला रोज नापास करायचे. मी त्यांच्याशी भांडले. म्हटलं, बाकी सगळं येतंय ना तिला? तर म्हणाले, "बाकी समदं आलं आन ह्ये न्हाई आलं, तर बाकीचं करायला हात ऱ्हायचं न्हाईत."

शेवटी एकदा पेला पडला, ठणठणत कोपऱ्यात गेला, आणि अश्विनीचे हात पाठीमागे होते. आख्ख्या वर्गानं जल्लोष केला. ती शेजारच्याच कंपनीत तारेच्या मशीनवर रुजू झाली. त्या विभागातली पहिली बाई. तिनं पेढे आणले आणि मास्तरांनी पेढ्याचा खोका माझ्या हातात देता देता सोडला. मी हात मागे घेतले आणि सगळे पेढे मातीत गेले. त्या दिवशी मी पास झाले, आणि पेढा कुणालाच मिळाला नाही.

पुढे पावसाळा सरताना एका सोमवारी कंपनीतून फोन आला, अश्विनी न सांगता घरी बसली आहे. मी तिला फोन लावला. बराच वेळ नुसतं रडणं.

"म्याडम, शिवन्या ओट्यावनं पडली. मी म्होरंच उबी हुते. एवढ्या अंतरावर." पुन्हा रडणं. "माजं हात मागं ग्येलं, म्याडम. मी बगत ऱ्हायले."

मुलगी बरी होती. हनुवटीला टाके पडले होते, बस. पण सासूनं सांगून टाकलं होतं की आता मशीन नाही आणि बिशीन नाही, बंगल्यावर बोलावलंय तिकडं जा. आणि अश्विनीला ते पटलं होतं. स्वतःच्या हातांवरून तिचा विश्वास उडाला होता.

मी तरातरा मास्तरांच्या वर्गात गेले. प्रशिक्षणार्थ्यांसमोरच त्यांना नाही नाही ते बोलले. तुमच्या विक्षिप्तपणाला आम्ही हसत आलो, पण एका आईचे हात तुम्ही बिघडवलेत, असंही म्हणाले. मला वाटलं होतं, ते काहीतरी तिरकस उत्तर देतील. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला. हातातला पेला त्यांनी हळूच टेबलावर ठेवला. त्यांना एखादी वस्तू ठेवताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"मला तितं न्या," ते म्हणाले.

माझ्या स्कूटरवर मागे मास्तर, डोक्याला कारखान्यातलं पिवळं हेल्मेट, आणि मुठ्याचा घाट. वळणावर धरून बसा म्हटलं, तर धरायला त्यांचे हात पुढे येईनात. घाट उतरेपर्यंत माझा जीव मुठीत होता.

अश्विनीची सासू हौसाबाई अंगणात कांदे निवडत होत्या. शेजारी कांद्यांचा ढीग. अश्विनी दारातच उभी, आणि हनुवटीला पट्टी लावलेली शिवन्या कांदे इकडचे तिकडे करत होती. मास्तरांना बघून हौसाबाई उठल्या.

"ह्योच का त्यो मास्तर? लेकरू पडताना बगत ऱ्हायला शिकिवनारा? आरं, जनावराला बी कळतं पिल्लाला कसं धरायचं! तुमच्या मशीनपाशी काय करायचं त्ये करा. चप्पल आपन भायेर काडतो का न्हाई? मग ह्यी तुमची घान भायेर काडून यायची, घरात कशापायी आनायची?"

मास्तर मान खाली घालून ऐकत होते. हेल्मेट काढून त्यांनी हातात घेतलं होतं. "चप्पल भायेर काडतो," हे ऐकल्यावर मात्र त्यांनी मान वर केली आणि त्या हेल्मेटकडे बघतच राहिले.

"आक्का," ते म्हणाले, "एक कांदा टाका."

"काय?"

"सुनंकडं कांदा टाका. पोरी, ह्ये घाल."

त्यांनी ते पिवळं हेल्मेट अश्विनीच्या डोक्यावर ठेवलं. हौसाबाईंनी संशयानं एक कांदा टाकला. अश्विनीचे हात मागे. कांदा पडला.

"आता काड." त्यांनी हेल्मेट काढून घेतलं. "टाका."

कांदा आला. तिचे हात मागे गेले, थबकले, अर्ध्यावर आले. कांदा छातीवर आपटून पडला. "पुना," मास्तर म्हणाले. हेल्मेट घातलं, हात मागे. काढलं, हात पुढे. घातलं, काढलं. "ही टोपी म्हंजी चप्पल. घातली की मशीनपाशी हाईस. काडली की घरात." हौसाबाई पदर खोचून कांदे फेकू लागल्या. शिवन्याही फेकू लागली, तिचे कांदे तिच्याच पायाशी पडत होते. अंगणभर कांदे झाले. आणि मग अश्विनीनं एक झेलला. मग दुसरा. हेल्मेट घातल्यावर पुन्हा सोडला, काढल्यावर पुन्हा झेलला. शेवटी तिनं डोकं उघडं असताना दोन्हीकडून आलेले दोन कांदे दोन हातांत धरले आणि तिथेच मटकन बसून हसायला लागली. शिवन्या येऊन तिच्या मांडीत शिरली.

"उद्यापास्नं जाते, आत्या," ती सासूला म्हणाली. हौसाबाई पसरलेले कांदे गोळा करू लागल्या. नको म्हणाल्या नाहीत.

आता चहा होईल आणि आपण निघू असं मला वाटत होतं. तेवढ्यात हौसाबाई म्हणाल्या, "आता मास्तर, तुमी."

"मी कशाला?"

"सुनंला शिकिवलं, तुमाला येतं का बगू द्या की." आणि त्यांनी कांदा टाकला.

मास्तरांचं डोकं उघडं होतं. त्यांचे हात झटकन पाठीमागे गेले. आम्ही हसलो. दुसरा कांदा. हात मागे. तिसरा. ते दातओठ खाऊन प्रयत्न करत होते हे दिसत होतं, तरी हात मागेच जात होते. कपाळावर घाम आला. आमचं हसणं कधी थांबलं ते कळलं नाही.

"न्हाई येत," मास्तर म्हणाले. ते ओट्याच्या कडेवर बसले. "मला ठाव हाय न्हाई येत म्हनून. आमची ही जिन्यावनं घसारली हुती. मी खालीच उबा. नुसता हात फुडं क्येला आसता तर." ते थांबले. "माजं हात मागं ग्येलं. ती माज्या म्होरं पडली. खुबा मोडला."



"मला एका शब्दानं बोलली न्हाई वो. बोलली आसती तर बरं झालं आसतं. पन तवापास्नं जिना उतारताना कठडा धरती. मी हात दिला तरी कठडाच धरती. म्हनलं, ह्ये शिकवायचंच सोडून द्यावं. पन सोडलं तर कुनाची तरी बोटं जात्यात. शिकिवलं तर ह्ये आसं."

मला काय वाटलं ते सरळच सांगते. मला या माणसाची इतकी दया आली की मी तोंड फिरवून घाटाकडे बघत राहिले. मघाशी वर्गात जे बोलले होते, त्यातलं एक वाक्यही खोटं नव्हतं, आणि तरी ते बोलायला नको होतं.

हौसाबाई खाली बसल्या. कांद्यांमधला एक लहानसा निवडला. आवाज अगदी बदललेला. "हिकडं बगा, भाऊ. कांद्याकडं बगू नका. माज्याकडं बगा. माज्या हातातनं तुमच्या हातात यायलाय, येवढंच." आणि लेकराला देतात तसा, अगदी जवळून, हलकेच टाकला.

पडला. दुसरा टाकला. पडला. "आजून एक टाका," मास्तर म्हणाले. त्या टाकत राहिल्या, जवळून जवळून, आणि कितव्यातरी वेळी मास्तरांनी कांदा दोन्ही हातांनी पोटाशी धरला. वेडावाकडा, पण धरला. मग आणखी एक धरला. बराच वेळ त्यांनी तो सोडला नाही.

परत येताना वळणांवर त्यांनी हात पुढे करून माझ्या सीटची कड घट्ट धरली होती. मी आरशातून बघून घेतलं.

मास्तरांचं घर भरे गावात. खालच्या खोल्या बिहारच्या कामगारांना भाड्यानं दिलेल्या, म्हणून दोघं नवराबायको वर राहतात. बाहेरून लोखंडी जिना. स्कूटरचा आवाज ऐकून काकू वर दारात आल्या. दुधाची वेळ झाली होती, त्यांच्या हातात रिकामी किटली होती. पायात किंचित अडखळ. नेहमीप्रमाणे एका हातानं कठडा धरून त्या उतरायला लागल्या.

मास्तरांनी हेल्मेट काढून माझ्याकडे दिलं आणि जिन्याखाली जाऊन उभे राहिले. दोन्ही हात पुढे करून.

काकू थांबल्या. "आता ह्ये काय नवीन?"

"काय न्हाई. उतर."

काकू त्यांच्या हातांकडे बघत राहिल्या. आयुष्यभर त्यांनी या माणसाला वस्तू सोडून देताना पाहिलं होतं. त्यांनी जिन्याच्या मध्यावरून हात पुढे केला आणि किटली सोडून दिली.

मला वाटतं, मी ओरडलेच. मास्तर एक पाऊल वर चढले आणि किटली त्यांनी छातीशी धरली. झाकण उडून खाली गेलं, ठणठणत अंगणाच्या टोकापर्यंत घरंगळलं. त्याच्याकडे दोघांपैकी कुणीच बघितलं नाही. मास्तरांनी किटली पायरीवर ठेवली आणि हात पुन्हा पुढे केले.

काकूंनी कठडा सोडला.